पांढऱ्या जाळीचा घेर

सोनपेठला माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको आणि लग्नसराईत जेवायची शुद्ध राहू नये इतकं काम. गिऱ्हाइकं म्हणतात, बाई कडक आहे. आहेच. माप देताना पोट आत ओढून उभ्या राहणाऱ्या बायकांना मी तोंडावर सांगते, बाई, श्वास सोडा, जेवल्यावरही हाच ब्लाऊज अंगात असणार आहे तुमच्या. अशा माझ्या दुकानात एक दिवस बॅले आला.

आणला तो बँकेतल्या साहेबांच्या बायकोनं. ती पुण्याची, लहानपणापासून बॅले शिकलेली. नवऱ्याची बदली इथं झाली तेव्हा सहा-सात महिने घरात बसून कंटाळली, आणि मग खताच्या दुकानावरच्या रिकाम्या हॉलमध्ये तिनं मुलींना शिकवायला सुरुवात केली. गावाला आधी कळेना की हे आहे तरी काय. ढोलकी नाही, ठेका नाही, पोरी नुसत्या टाचा उचलून बोटांवर उभ्या राहायच्या आणि हळूच हात वर न्यायच्या. समोरच्या घरातली म्हातारी मला म्हणाली, "फळीवरचा डबा काढायला शिकवायली का काय ही?" मी हसले. पण माझी भाची पहिल्याच आठवड्यात तिथं जाऊन नाव घालून आली होती, त्यामुळं मला फार हसता येईना.

ही माझ्या धाकट्या भावाची मुलगी, तेरा वर्षांची. भाऊ राणीसावरगावला असतो; शाळा बरी म्हणून मुलीला माझ्याकडं ठेवलेलं. मी एकटी राहते, त्यामागची गोष्ट वेगळी आहे आणि ती इथं नको. एवढंच सांगते की पोर आली आणि माझ्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज आला. मग तिनं स्वयंपाकघरात कणिक मळतानासुद्धा टाचा उचलल्या तरी मी काही बोलत नसे.

त्या वर्षी भिशीच्या बायकांनी ठरवलं, एक दिवस बॅलेचा करायचा. मुली नाचतील आणि मग गावातली जी कुणी बाई येईल तिनं एखाद्या नाचावरून सुचलेला पेहराव स्वतः बेतून घालायचा आणि स्टेजवरून चालून दाखवायचं. दिवस पौषातला धरला; तेव्हा लग्नं नसतात, मंगल कार्यालय रिकामंच पडलेलं असतं. मला वाटलं दहा बायका येतील. माझ्या दुकानात कापडाचे ढीग लागले. अंगणवाडीच्या बाईंनी जुन्या साड्यांचे काठ जोडून पाच थरांचा झगा मागितला. मुलींच्या पायातल्या लांब मोज्यांवर 'स्किन कलर' लिहिलेलं होतं, आणि त्या रंगाची कातडी आमच्या अख्ख्या तालुक्यात कुणाची नव्हती. शेवटी मी ते मोजे चहापत्तीच्या उकळत्या पाण्यात बुडवले. दोन तासांनी काढले तेव्हा ते आमच्या पोरींच्या रंगाचे झाले होते.

अडलं ते भाचीच्या झग्यावर. नऊ मुलींमध्ये ती मधली होती आणि तिला तो कमरेतून आडवा उभा राहणारा जाळीचा घेर हवा होता. मी तीनदा शिवला, तीनदा तो ओल्या फडक्यासारखा खाली पडला. दिवाळीच्या सुट्टीत ती गावी गेली आणि तिनं हे गाऱ्हाणं आबांपुढं मांडलं.

आबा म्हणजे माझे वडील. घरात सगळेच त्यांना आबा म्हणायचे, मीही. वय ऐंशीच्या पुढं. राणीसावरगावात त्यांनी पन्नास वर्षं शिवणकाम केलं. शिकले परभणीला, एका शेरवानी शिवणाऱ्या उस्तादाकडं. त्या उस्तादाचं नाव घेताना ते अजून कानाच्या पाळीला हात लावायचे. माझ्या हातात पहिल्यांदा कात्री दिली ती त्यांनीच. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं पण लांबचं धूसरच. तरी बोटांना सगळं दिसायचं.

त्यांनी बॅले जन्मात पाहिला नव्हता. भाचीला विचारलं, "कसा उभा ऱ्हायला पायजे म्हनतीस?" तिनं स्वयंपाकघरातून परात आणली आणि कमरेशी आडवी धरली. आबा म्हणे बराच वेळ त्या परातीच्या कडेवरून बोट फिरवत बसले. मग त्यांनी शेरवानीच्या कॉलरला आतून लावतात तो कडक कापडाचा बक्रम काढला, त्याच्या पट्ट्या कमरेपासून बाहेर पसरवल्या, वर जाळीचे नऊ थर, प्रत्येक खालचा थर वरच्यापेक्षा आखूड, आणि सगळे थर आतून दोऱ्याच्या सैल टाक्यांनी एकमेकांना धरलेले. मशीनचा एक टाका नाही. वर साबुदाण्याची खळ. सुट्टी संपून पोर परत आली तरी त्यांचं काम चाललंच होतं. झालं तेव्हा एका मोठ्या खोक्यात घालून त्यांनी ते एसटीच्या कंडक्टरच्या हवाली केलं, आणि मी स्टँडवर जाऊन उतरवून घेतलं. घरी झाकण उघडलं आणि मी पलंगावर बसलेच. इतक्या वर्षांत मला जे जमलं नसतं ते त्या माणसानं अर्ध्या डोळ्यानं केलं होतं. मला अभिमान वाटला आणि थोडा हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू.

आबांची एक रीत होती. कपडा अंगावर बघितल्याशिवाय तो पुरा झाला असं ते मानायचे नाहीत. गिऱ्हाइकानं दुकानातच घालायचा, मग आबा म्हणायचे, "फिर एकदा." माणूस स्वतःभोवती फिरला की खालची कड हातानं चाचपून बघायची, आणि मगच मान हलवायची. नवरदेव असो की सरपंच, फिरावं लागायचंच. हा घेर मात्र त्यांनी अंगावर पाहिलाच नव्हता. रोज फोन यायचा. "अजून बघितला न्हाई मी," म्हणायचे, जणू चूक आमची होती. भाचीनं घालून व्हिडिओ पाठवला तर म्हणाले, "फोनमधी मला नुसतं पांढरं दिसतंय. मीच येतो."

यायचं ठरलं होतं. पण त्या आठवड्यात त्यांना दम लागायला लागला. भाऊ गंगाखेडला डॉक्टरकडं घेऊन गेला, तिथून दोन दिवसांनी घरी आणलं. मला फोनवर म्हणाला, थंडीचं आहे, बरं वाटंल. शनिवारी आबा स्वतः बोलले. आवाज ओढलेला, पण हुकूम नेहमीचा: "मला न्हाई येता यायचं. पोरीचा नाच झाला की तशीच घिऊन ये. कपडे बदलू नको. मी बघतो अन् मग सांगतो कसा बसला ते." मी हो म्हटलं. जीपवाल्यालाही सांगून ठेवलं, दुपारी निघायचं म्हणून.

रविवारी साडेदहाला कार्यक्रम सुरू झाला. कार्यालय भरलं होतं, खिडक्यांतसुद्धा माणसं. आधी बायकांचं चालणं होतं. नर्सबाई लेझमाच्या पांढऱ्या सदऱ्यावरून बेतलेला लांब अंगरखा घालून आल्या. शाळेतल्या बाईंनी नऊवारीच्या निऱ्या अशा काढल्या होत्या की पाऊल टाकलं की पंखा उघडायचा. तांड्यावरची एक बाई आपल्या नेहमीच्या आरशांच्या घागऱ्यातच आली, एक गिरकी घेतली, आणि आम्ही महिनाभर शिवलेलं सगळं फिकं पडलं. लोक बाकावर उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी स्टेजच्या बाजूला सुईदोरा घेऊन उभी होते आणि खरंच सुखात होते.

तेव्हा फोन वाजला. भावाचा नंबर, पण बोलत होता त्याचा शेजारी, पिठाच्या गिरणीवाला.

"अक्का, आबाची तब्येत जरा जास्त झालीय. तुमी या. घाई करू नका, सावकाश या. अन् पोरीला काई सांगू नका."

मी विचारलं, "भाऊ कुठाय?"

"हाय हितंच. गुतलाय जरा. तुमी या."

आमच्याकडं मरणाची बातमी फोनवर देत नाहीत. प्रवासातल्या माणसाला धक्का बसू नये म्हणून तब्येत जास्त झाली, एवढंच सांगतात. बोलतो तो शेजारी, घरातला माणूस फोनवर येत नाही, आणि सावकाश या म्हणतात, कारण घाईचं कारण संपलेलं असतं. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझी आई गेली तेव्हा मला सांगितलं होतं, पडलीय, पायाला लागलंय. मी वाटेत उतरून मोसंबी घेतली. मोसंब्यांची पिशवी हातात घेऊन मी आईच्या तिरडीपुढं उभी राहिले होते, आणि सगळी भावकी माझ्याकडं बघत होती. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, पुन्हा अशी फसणार नाही.

म्हणून मी पुढं काही विचारलंच नाही. विचारलं असतं तरी तिकडून 'आहेत' असंच उत्तर आलं असतं. फोन ठेवला आणि मला कळलं की आबा गेले.

भाची पडद्यामागं उभी होती. घेर घातलेला, केस घट्ट बांधलेले, एका हातानं दाराची चौकट धरून टाचा उचलत होती. तिचा नाच दोन नंबरनंतर होता. मी तिच्याकडं पाहिलं आणि हिशोब केला. आबा तर गेलेच. माती आपल्याशिवाय होणार नाही, लेकीसाठी थांबतातच. दहा मिनिटांनी काय फरक पडतो? आणि आत्ता सांगितलं तर ही पोर हा नाच जन्मात विसरणार नाही, न नाचलेला. आबांनी शिवलेलं निदान चार लोकांनी तरी बघू दे. असं मी स्वतःला समजावलं, आणि ते मला फार शहाणपणाचं वाटलं.

ती नाचली. मला नाचातलं कळत नाही, कपड्यातलं कळतं. ती फिरली की नऊ थर एकदम उचलायचे आणि ती थांबली की एक श्वासभर उशिरानं बसायचे. ते सैल टाके त्यासाठीच होते. मी रडत होते आणि शेजारच्या बायकांना वाटलं, कौतुकानं रडतेय.

मग माझं नाव पुकारलं. टेलरबाईंचा सत्कार. मी जायला नको होतं. पण दोघींनी हाताला धरून ओढलं, आणि मी गेले, शाल घेतली, नारळ घेतला, फोटोसाठी उभी राहिले. त्या फोटोत मी हसतेय. वडील गेलेत असं मनाशी धरून मी हसतेय. तो फोटो मी अजून कुणाला दाखवलेला नाही.

नंतर भाचीला घरी आणलं आणि म्हटलं, कपडे बदल, तोंड धू. ती बघतच राहिली.

"आबा म्हनले ना, तशीच ये म्हणून?"

"मळेल. जीपमध्ये धूळ असते."

"मग खोक्यात घालून घेऊ."

"नको म्हणते ना!"

मी ओरडलेच. मयताच्या घरी गेलेलं सगळं परत आल्यावर धुवावं लागतं, आणि खळ दिलेली जाळी एकदा धुतली की संपली. तेवढ्यासाठी मी तो घेर घरातच ठेवला. पोरीचं तोंड साबणानं दोनदा धुतलं, केसातल्या चमकत्या टिकल्या एकेक करून काढल्या, साधा निळा कुडता घातला. स्वतः जुनी साडी नेसले. या सगळ्यात वेळ गेला, जाऊ दिला. गंगाखेडवरून जीप जाताना ती खिडकीला डोकं लावून बसली होती, रुसलेली. मी मनात रडण्याची तयारी करत होते. तयारीच म्हणायची. आमच्यात माहेरी मयताला आलेली लेक गल्लीच्या तोंडापासून गळा काढत येते. तशीच आली नाही तर लोक नावं ठेवतात. आणि मला तर तसंही रडायचंच होतं, सकाळपासून कोंडलेलं.

गल्लीत वळलो तर ओट्यावर माणसं बसलेली, मोटारसायकली लागलेल्या, कुणी बोलत नव्हतं. आणखी काय पुरावा हवा होता! जीप थांबायच्या आत मी उतरले आणि हंबरडा फोडला. "आबा, मला टाकून कुठं गेलात हो! आता मी कुणाच्या दारी येऊ!" भाची माझ्या मागं दगडासारखी उभी राहिली. ओट्यावरचे लोक उठले. गिरणीवाला दोन्ही हात हलवत धावत आला. मला वाटलं, धरायला येतोय. मी आणखी मोठ्यानं रडले. तेवढ्यात भाऊ आतून पळत आला आणि त्यानं माझ्या तोंडावर हातच ठेवला.

"अक्का, गप! गप ना! जागे हायेत ते!"

मला आधी त्याचा अर्थच लागेना. मग लागला, आणि मी चपला न काढताच आत गेले.

आबा भिंतीकडच्या खाटेवर उशांना टेकून होते. डोळे उघडे, दाराकडं लागलेले. ओट्यापासून ती खाट दहा पावलांवर.

"कोन गेलं गं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही आबा. ठेच लागली मला."

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. त्या गावात पन्नास वर्षं राहिलेल्या माणसाला लेक कशी रडत येते आणि ठेच लागल्यावर बाई कशी ओरडते, यातला फरक मी सांगायला हवा होता का? पण ते म्हणाले, "बस. पानी पी." मग भाचीकडं वळले. हात पुढं केला, कुडत्याची कड चाचपली.

"कपडा?"

ती माझ्याकडं बघायला लागली. मला वाटलं, आता ही सांगणार. ती म्हणाली, "मळंल म्हनून ठेवला, आबा."

"बराबर हाय. पांढराय तो." मग म्हणाले, "फिर एकदा."

ती त्या निळ्या कुडत्यात फिरली. कडेला हात लावून आबा म्हणाले, "ह्याला घेर न्हाई." भाचीनं फोनवरचा नाच काढून त्यांच्या डोळ्यांपुढं धरला. त्यांनी पाहिला, म्हणजे फोनकडं तोंड करून ठेवलं, आणि संपल्यावर म्हणाले, चांगलं हाय. भाऊ म्हणाला, मी पोराला मोटारसायकलवर पाठवतो सोनपेठला, तीन तासात झगा घेऊन येईल. आबांनी हात हलवला.

"ऱ्हाऊ दे. आता कशाला."

भिंतीकडं तोंड करून झोपले. पुन्हा फारसं बोलले नाहीत. चहा आणला तो घेतला नाही. दिवस मावळायच्या आत गेले. मी शेजारीच बसले होते, आणि त्या वेळी मला रडू आलं नाही. बायका म्हणाल्या, मघाशीच रडून झाली बिचारी.

भाची पुढं माझ्याशी नीट बोलली, बोलते. एकदाच तिनं विचारलं, शाळेतला प्रश्न विचारावा तसं: "आत्या, ते जिवंत हायेत असं तुला वाटलं असतं तर आपण लगेच निघालो असतो ना? मी तशीच, झग्यात?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "मग त्यांनी बघितला असता." आणि भाजी निवडायला बसली. क्लासला ती अजून जाते. तो घेर घालत नाही. तो तिला आता लहानही होत असेल, मी घालून बघ म्हटलेलं नाही.

सावडायच्या दिवशी भावानं मला सगळं सांगितलं. गंगाखेडच्या डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता घरी न्या, एक-दोन दिवसांचे आहेत. आबांना मात्र कुणी कळू दिलं नव्हतं. थंडीचं आहे, उतरेल, असंच सगळे बोलायचे, मलासुद्धा तेच सांगितलं. त्या रविवारी सकाळी दम वाढला तेव्हा तो आबांना धरून बसला होता, म्हणून फोन गिरणीवाल्यानं केला, आणि सावकाश या म्हणाला ते खरोखर रस्ता खराब आहे म्हणून. दुपारी आबांना जरा बरं वाटलं. त्यांनी चहा मागून घेतला. न्हाव्याला निरोप पाठवला, पोर यायलीय, दाढी करायचीय. होळीला सोनपेठला जाऊ म्हणाले, पोरीच्या मास्तरणीला भेटायचंय, ती आणखी आठ पोरींचे घेर करायचे म्हणत असेल तर मापं आत्ताच घ्यायला हवीत.

"तू गल्लीत रडेपर्यंत त्यांला काई ठावं नव्हतं, अक्का," भाऊ म्हणाला.

तो रागानं बोलला नाही. राखेची भांडी धुता धुता बोलला. डॉक्टर बोलले नाहीत, भाऊ बोलला नाही, गल्लीतलं एक माणूस बोललं नाही. माझ्या वडिलांना ते मरायला लागलेत ही बातमी मी दिली, रस्त्यात उभं राहून, गळा काढून.